तीन बाय पाचचा झेंडा: अमेरिकेतल्या घरासाठी कोणता घ्यावा आणि कसा लावावा

अमेरिकेत घरावर लावायच्या झेंड्याचा तयार संच म्हणजे चार वस्तू: ३ फूट बाय ५ फुटांचा झेंडा, ६ फुटांची काठी, भिंतीवर ठोकायचं ब्रॅकेट आणि झेंडा काठीला अडकवायच्या रिंगा. मे महिन्यात, मेमोरियल डेच्या (युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या) आधी, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत हे संच दारातच रचून ठेवलेले असतात. साधारण १५ डॉलरपासून ७०-८० डॉलरपर्यंत किमती असतात. ४ जुलै २०२६ म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं, त्या निमित्तानं मालही जास्त आणि कामचलाऊ मालही जास्त. आमचं मत आधीच सांगतो: खोक्यातला स्वस्त संच घेऊ नका. झेंडा, काठी आणि ब्रॅकेट वेगवेगळं घ्या. साठेक डॉलरमध्ये चांगलं काम होतं आणि पुढच्या वर्षी फक्त झेंडा बदलावा लागतो.

पण खरेदीच्या आधी एक वेगळाच प्रश्न येतो आणि तो बाजूला ठेवून या वस्तूबद्दल प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. लावावा का? गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या जून २०२५ च्या पाहणीत अमेरिकन असल्याचा ‘अत्यंत’ किंवा ‘खूप’ अभिमान वाटतो असं म्हणणारे ५८ टक्के निघाले. २००१ पासून हा प्रश्न विचारला जातो आहे, त्यातला तोपर्यंतचा हा सर्वांत कमी आकडा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत तो ९० च्या आसपास होता. पक्षांनुसार पाहिलं तर दरी आणखी मोठी दिसते: रिपब्लिकन ९२ टक्के, डेमोक्रॅट ३६. यामुळे झालंय असं की घरावर झेंडा दिसला की आतला माणूस मत कोणाला देतो याचा अंदाज लोक रस्त्यावरूनच बांधतात. कित्येक घरांत झेंडा गॅरेजमध्ये गुंडाळून पडलेला असतो. अभिमान नाही म्हणून नव्हे, तर शेजाऱ्यांचा गैरसमज होईल म्हणून. आम्हाला हे फार चुकीचं वाटतं. तेरा पट्टे आणि पन्नास तारे ही कुठल्या एका पक्षाची मालमत्ता नाही. ज्यांना तशी ती वाटू लागली आहे त्यांनी तर तो आवर्जून लावावा, आणि नीट लावावा.

आता कापड. बाजारात मुख्य तीन प्रकार आहेत आणि निम्म्या तक्रारी चुकीचं कापड निवडल्याच्याच असतात.

नायलॉन हलकं असतं, थोड्या वाऱ्यातही फडकतं, पावसात भिजलं तर तासाभरात वाळतं आणि रंगही बऱ्यापैकी टिकवून धरतं. शहर-उपनगरातल्या घरासाठी हेच घ्यावं. दोनपदरी पॉलिएस्टर जाड आणि खरखरीत असतं. कॅन्सस, नेब्रास्का, वायोमिंगसारख्या सतत वारा असलेल्या भागात ते नायलॉनपेक्षा जास्त टिकतं, पण न्यू जर्सीतल्या झाडांच्या गल्लीत ते वर्षातले बरेच दिवस नुसतं लोंबकळत राहतं. सुती कापड दिसायला सर्वांत देखणं, पण ते आटतं आणि पावसात लाल पट्ट्यांचा रंग पांढऱ्यावर उतरतो. सुती झेंडा घरात किंवा समारंभातच वापरावा. चौथा एक प्रकार दिसतो तो म्हणजे पातळ पॉलिएस्टरवर छापलेला, ६ ते १२ डॉलरचा. त्याची मागची बाजू फिकट दिसते, तारे कडांना पसरलेले असतात आणि एका उन्हाळ्यात लाल रंग गुलाबी होतो. तो घेऊ नये.

दुकानात झेंडा हातात आला की आधी पाहायची जागा म्हणजे काठीपासून लांबची, फडकणारी कड. वाऱ्यात झेंड्याचं टोक चाबकासारखं आपटतं आणि कापड तिथूनच विरायला लागतं. त्या कडेला टाक्यांच्या चार ओळी हव्यात आणि दोन्ही कोपऱ्यांवर उलटसुलट जादा शिलाई हवी. दोनच ओळी असतील तर खाली ठेवा. पट्टे एकमेकांना शिवलेले हवेत, छापलेले नकोत. तारे भरतकामाचे असावेत: सहा आणि पाच, सहा आणि पाच, अशा एकूण नऊ ओळी. काठीकडच्या बाजूला जाड कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यात दोन पितळी आयलेट (झेंडा अडकवायच्या भोकांभोवतीच्या कड्या) असावीत. लोखंडावर पितळी मुलामा दिलेली आयलेट गंजतात आणि कॅनव्हासवर तपकिरी ओघळ येतात. पाकिटावर लोहचुंबक लावून पाहिलं की लगेच कळतं.

माल कुठला हेही पाहावं. २००१ च्या शेवटच्या महिन्यांत मागणी इतकी वाढली की देशातल्या कारखान्यांना पुरवठा जमेना आणि चीनमधून झेंड्यांचे ढीग आले. अ‍ॅनिन ही १८४७ पासूनची अमेरिकन कंपनी आणि व्हॅली फोर्ज ही १८८२ पासूनची, या दोघींचा शिवलेला नायलॉनचा ३ बाय ५ झेंडा साधारण २५ ते ४० डॉलरला मिळतो. शिवणीच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. मिनेसोटात तर विकला जाणारा प्रत्येक अमेरिकन झेंडा देशातच बनलेला असावा असा राज्याचा कायदा आहे, आणि २०२४ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या खात्यांनाही पूर्णपणे अमेरिकेत बनलेले झेंडेच घ्यावे लागतात.

एक बारकावा: सरकारी मापानुसार झेंड्याची उंची आणि लांबी १ ला १.९ या प्रमाणात असते. हे १९५९ च्या अध्यक्षीय आदेशात आहे. दुकानातला ३ बाय ५ त्यात बसत नाही, पण तो आदेश सरकारी खात्यांसाठी आहे, घरासाठी नाही. त्यामुळे काळजीचं कारण नाही. टाउनहाऊसच्या अरुंद दर्शनी भागावर मात्र ३ बाय ५ मोठा होतो. तिथे अडीच बाय चारचा झेंडा आणि ५ फुटांची काठी बरी दिसते.

काठी अ‍ॅल्युमिनियमची, १ इंच व्यासाची घ्यावी. लाकडी काठी सुरेख दिसते, पण दोन हिवाळ्यांत वाकते. पातळ पत्र्याची, दोन-तीन तुकडे एकमेकांत घुसवायची काठी सांध्यातच मुडपते. झेंडा काठीभोवती गुंडाळला जाणं ही सर्वांत मोठी कटकट. त्यासाठी वरचा भाग बेअरिंगवर फिरणारी काठी मिळते किंवा फिरत्या रिंगा मिळतात. रिंगा वाईट नाहीत, पण प्लास्टिकच्या रिंगा थंडीत तडकतात. फिरती काठी पंधरावीस डॉलरनी महाग असली तरी तीच घ्यावी. झेंड्याच्या फाटण्याचं निम्मं कारण गुंडाळलेल्या कापडाला वाऱ्याचा बसणारा झटका हेच असतं.

ब्रॅकेट प्लास्टिकचं नको. उन्हानं ते ठिसूळ होतं आणि एखाद्या वादळात काठीसकट खाली येतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं घ्यावं. ते बसवताना उंचीचा हिशेब चुकतो, म्हणून तो इथे मांडतो. काठी ४५ अंशांत असते. वारा नसताना झेंड्याचं खालचं टोक ब्रॅकेटच्या पातळीच्या साधारण ३ फूट खाली लोंबतं. ब्रॅकेट पोर्चच्या फरशीपासून ५ फुटांवर लावलं तर ते टोक कठड्यावर घासत राहणार किंवा झुडपात अडकणार. म्हणून किमान ७ फूट उंची धरा. लाकडी खांब असेल तर आधी बारीक ड्रिलनं भोक पाडून दीड-दोन इंचांचे स्टेनलेस स्क्रू मारा. व्हायनल साइडिंगवर (बाहेरच्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या आवरणावर) थेट स्क्रू आवळणं ही नेहमीची चूक आहे. व्हायनल उन्हात पसरतं, थंडीत आकसतं, आणि स्क्रूनं जखडलं की तडकतं. शिवाय मागे पकड घ्यायला काही नसतं. तिथे माउंटिंग ब्लॉक लावा आणि स्क्रू भिंतीच्या आतल्या लाकडी खांबात (स्टडमध्ये) जाऊ द्या. विटांच्या भिंतीला हॅमर ड्रिल आणि काँक्रीट स्क्रू लागतात. काठी धरून ठेवणारा अंगठ्यानं फिरवायचा स्क्रू वाऱ्याच्या थरथरीनं सैल होतो. महिन्यातून एकदा आवळावा.

घरमालकांची संघटना नको म्हणाली तर? ‘फ्रीडम टू डिस्प्ले द अमेरिकन फ्लॅग अ‍ॅक्ट’ हा कायदा २००६ मध्ये लागू झाला. संघटना झेंड्याला सरसकट बंदी घालू शकत नाही, पण जागा, वेळ आणि पद्धत यांवर वाजवी अटी घालू शकते. म्हणजे अंगणात २० फुटांचा खांब रोवायला हरकत घेता येते, पोर्चवरच्या ३ बाय ५ ला सहसा नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

झेंड्याचे नियम १९४२ च्या फ्लॅग कोडमध्ये आहेत. घरगुती वापरासाठी ते मोडल्याची शिक्षा नाही, पण पाळणं अवघड मुळीच नाही. सूर्योदयाला लावायचा, सूर्यास्ताला उतरवायचा. रात्रीही ठेवायचा असेल तर त्यावर उजेड हवा. पोर्चचा दिवा झेंड्यावर पडत असेल तर पुरतो. सोलर दिवा घेणार असाल तर पॅनल वेगळं करून दक्षिणेकडे लावता येईल असा घ्या, नाहीतर डिसेंबरात तो संध्याकाळी सातलाच मान टाकतो. झेंडा भिंतीवर सपाट टांगताना, आडवा असो की उभा, निळा चौकोन बघणाऱ्याच्या डाव्या हाताला वर यायला हवा. उभा टांगताना हे सर्रास चुकतं. अर्ध्यावर उतरवण्याचा आदेश निघाला तर कललेल्या काठीवर ते करताच येत नाही. तेव्हा काठीच्या टोकाला काळी फीत बांधण्याची पद्धत आहे. मेमोरियल डेला झेंडा दुपारी बारापर्यंतच अर्ध्यावर असतो, फीतही तेव्हाच सोडावी. कठड्यावर लावायच्या पंखाकृती पताकांत निळा रंग वर, पांढरा मध्ये, लाल खाली.

पेपर नॅपकिन, उशीचे अभ्रे, स्विमसूट: झेंडा यांवर नसावा असं याच कोडमध्ये आहे, आणि ४ जुलैला दुकानं नेमकी यांनीच भरलेली असतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत एक निळी रेघ असलेला प्रकारही त्याच रॅकवर मिळतो. तो पोलिसांच्या समर्थनाचं चिन्ह आहे, राष्ट्रध्वज नव्हे. ज्याला राष्ट्रध्वज लावायचा आहे त्यानं तो एकटाच लावावा, त्याच काठीवर खाली उमेदवाराचं नाव असलेला दुसरा झेंडा बांधू नये. शेजाऱ्याच्या मनातला अविश्वास कमी करण्याचा एवढा सोपा उपाय दुसरा नाही.

निळा चौकोन खाली करून उलटा लावणं कोडनुसार फक्त जीविताला किंवा मालमत्तेला गंभीर धोका असतानाच्या इशाऱ्यासाठी आहे. प्रत्यक्षात गेली काही वर्षं तो निषेधाची खूण झाला आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक तो वापरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात नोकरकपातीच्या निषेधार्थ एल कॅपिटनच्या कड्यावर असाच उलटा झेंडा सोडला होता. त्यामुळे सकाळच्या घाईत काठी फिरवून बसवताना एकदा खाली उतरून रस्त्यावरून पाहा. नाहीतर घराला नको तो अर्थ चिकटतो.

झेंड्याचा राग आणि झेंड्याचं प्रेम एकाच माणसात असू शकतं, याचा सर्वांत स्पष्ट दाखला सिडनी स्ट्रीट. ब्रुकलिनचा कृष्णवर्णीय बसचालक, दुसऱ्या महायुद्धात लढलेला. त्याच्याकडे ४८ ताऱ्यांचा झेंडा होता. सणावारी तो लावायचा आणि एरवी नीट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. ६ जून १९६६ ला मिसिसिपीत जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय नागरी हक्क कार्यकर्त्यावर गोळी झाडल्याची बातमी रेडिओवर आली. स्ट्रीटनं तोच घडी केलेला झेंडा काढला आणि कोपऱ्यावर नेऊन पेटवला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल त्याच्या बाजूनं लागला. पुढे १९८९ च्या टेक्सास विरुद्ध जॉन्सन खटल्यात, पुन्हा ५ विरुद्ध ४ मतांनीच, झेंडा जाळणं हे राज्यघटनेनं संरक्षण दिलेलं मतप्रदर्शन ठरलं. झेंड्याला सलामी द्यायची सक्ती शाळकरी मुलांवर करता येणार नाही हे त्याही आधी, १४ जून १९४३ ला, म्हणजे फ्लॅग डेच्याच दिवशी, ऐन महायुद्धात ठरलं होतं. भारतात १९७१ च्या कायद्यानुसार तिरंगा जाहीरपणे जाळल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथून आलेल्या वाचकाला हा फरक पचायला वेळ लागतो. व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २५ ऑगस्ट २०२५ च्या अध्यक्षीय आदेशात, झेंड्याची विटंबना करणाऱ्या परदेशी नागरिकांवर, कायद्यात बसेल तिथे, व्हिसा रद्द करण्यापर्यंतची कारवाई करायला सांगितलं आहे.

काठीचाही इतिहास आहे. ५ एप्रिल १९७६ ला बॉस्टनच्या सिटी हॉलसमोर एका गोऱ्या मुलानं झेंड्याचीच काठी टेड लँड्समार्क या कृष्णवर्णीय वकिलावर उगारली. त्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाच्या, पायऱ्यांवर पोलिसाला मारायला वापरलेल्या काठीलाही अमेरिकेचाच झेंडा होता. ज्यांना पोर्चवरची काठी पाहून अस्वस्थ वाटतं त्यांच्या डोळ्यांपुढे ही दृश्यं असतात. त्यांना देशद्रोही म्हणणं अन्यायाचं आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर कारणं आणखी जवळची आहेत. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, तरी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्यानं मिळाली, आणि तेव्हाही भारतातून स्थलांतरासाठी कोटा वर्षाला १०० जणांचाच होता. १५ सप्टेंबर २००१ ला अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोलपंपाबाहेर पगडीमुळे गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत कित्येक देशी टॅक्सीवाल्यांनी आणि दुकानदारांनी काचेला झेंडे लावले. त्यात दुःख होतं, आपुलकी होती आणि भीतीही होती.

शपथविधीच्या वेळी नव्या नागरिकाला बहुधा हातात धरायचा छोटा झेंडा मिळतो. तो ठेवणीतला आहे, बाहेर लावायचा नाही. घराबाहेर तिरंगा आणि अमेरिकन झेंडा शेजारीशेजारी लावायचे असतील, किंवा मंडळाच्या १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात लावायचे असतील, तर दोन वेगळ्या काठ्या हव्यात, उंची सारखी हवी आणि झेंड्यांचा आकार साधारण सारखा हवा. अमेरिकेत अमेरिकन झेंडा बघणाऱ्याच्या डावीकडे येतो. एकाच काठीवर वर-खाली कधीच नाही. इथे मापाची एक खोच आहे: तिरंग्याचं प्रमाण ३ ला २, म्हणजे ३ फूट उंचीला लांबी साडेचार फूट. अमेरिकन दुकानदार तिरंगाही ३ बाय ५ मध्ये विकतात आणि त्यात चक्र लंबगोल होतं किंवा पांढरा पट्टा ओढल्यासारखा दिसतो. मागवण्याआधी माप विचारा आणि चक्राच्या २४ आऱ्या मोजा.

कॅपिटॉलवर फडकवलेला झेंडा विकत घेण्याची सोयही आहे. १९३७ पासून ही सेवा चालते. तुमच्या खासदाराच्या वेबसाइटवर अर्ज असतो, नायलॉन की सुती ते निवडायचं, तारीख आणि कोणाच्या नावानं ते लिहायचं, झेंड्यासोबत प्रमाणपत्र येतं. वर्षाला लाखाहून जास्त मागण्या येतात, त्यामुळे प्रत्येक झेंडा छपरावरच्या छोट्या खांबावर काही क्षणच चढतो. किंमत आणि लागणारा वेळ कार्यालयागणिक बदलतो. नागरिकत्वाच्या भेटीसाठी उत्तम, रोजच्या वापरासाठी नाही. तो ठेवायला त्रिकोणी लाकडी पेटी घेणार असाल तर माप तपासा. बाजारातल्या बऱ्याच पेट्या माजी सैनिकांच्या शवपेटीवरच्या ५ बाय साडेनऊ फुटांच्या झेंड्यासाठी असतात, त्यांत ३ बाय ५ ची घडी खडखडते.

निगा सोपी आहे. नायलॉन थंड पाण्यात, सौम्य साबणानं, ब्लीचशिवाय धुवा आणि सावलीत वाळवा. ओला झेंडा घडी करून ठेवला की बुरशीचे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. कड विरायला लागताच तेवढी कापून पुन्हा शिवून घ्या. चार बोटं विरेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. झेंडा जमिनीला लागला म्हणून जाळावा लागतो हा निव्वळ गैरसमज आहे, धुऊन पुन्हा लावावा. त्रिकोणी घडीच्या तेरा दुमडींचे जे अर्थ सांगितले जातात तेही कोडमध्ये नाहीत. रोज सूर्योदय ते सूर्यास्त लावला तर झेंडा साधारण ९० दिवस टिकतो असं झेंडेवाले सांगतात. आडोशाच्या पोर्चवर तो याहून बराच जास्त चालतो, चोवीस तास उघड्यावर ठेवला तर कमी.

अगदी जीर्ण झाल्यावर सन्मानानं जाळावा असं कोड म्हणतं, पण नायलॉन आणि पॉलिएस्टर परसातल्या शेगडीत जाळू नका. धूर विषारी असतो आणि वितळलेलं कापड हाताला चिकटतं. अमेरिकन लीजन किंवा व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या बऱ्याच शाखांबाहेर यासाठी पेट्या असतात आणि फ्लॅग डेच्या सुमाराला त्या सामूहिक विधी करतात. घडी करून पेटीत टाकायचा. पैसे लागत नाहीत, नागरिकत्वाचा कागदही कोणी मागत नाही.